इंजिनाचं गोंदण

...आणि वर मलाच म्हणतात काय, तर उखाण्यात दम नव्हता म्हणून इंजिन लागलं नाही. ऐकलंत ना? हँडल मारणारे पुरुष, पाना धरणारे पुरुष, बांधावर बसून सल्ला देणारेही पुरुषच, आणि चुकलं कोण, तर उखाणा. म्हणजे मी. तुम्हाला सांगते, लग्न ठरवताना ह्या लोकांनी सगळं विचारलं होतं, पोरीला भाकरी थापता येते का, शेणाचा वास सहन होतो का, डोक्यावर घागर घेऊन बांधावरून चालते का... पण विहिरीवरचं इंजिन चालू होईल असा उखाणा येतो का, हे नाही कुणी विचारलं. विचारलं असतं तर माझ्या वडिलांनी हात जोडून सांगितलं असतं, नाही हो, आमची पोरगी मुळातच गप्प. आहेच मी गप्प. बघत बसायचं, हसायचं ते आतल्या आत, रडायचं तेही आतल्या आत, चेहरा कसा पाटीसारखा पुसलेला. त्यात आता नवी सून. म्हणजे आधीच कुलूप, त्यावर अजून एक कडी.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही मधूनच कुठून उगवली.

माझं माहेर कन्नडचं आणि सासर करमाडजवळ, जालना रोडवर एस.टी. सोडायची आणि आत चालत यायचं, शेतातच वस्ती. विजेचे खांब आलेत, तारा यायच्यात. त्या कधी येणार हे त्या खांबांनाही माहीत नाही. म्हणून विहिरीवर डिझेलचं इंजिन. हे इंजिन आलं तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मोट मोडून टाकली, तिचं लाकूड चुलीत घातलं आणि बैलांना सांगितलं, सुटलात. बैल सुटले. आता इंजिन बंद पडलं की मोटेला कोण जुंपायचं, ह्याचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता, कारण तेव्हा मी ह्या घरात आले नव्हते.

आणि आमचे हे. ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय घेत नाही, तेव्हा तुम्हीही थोडी कळ काढा. तर ह्यांनी एकदा औरंगाबादला शहागंजात एक मिस्त्री जीपचं इंजिन उघडत होता ते दुपारभर उभं राहून पाहिलं होतं. बस. तेवढ्यावर. आपल्या इंजिनातून नवरात्राच्या तोंडाशी काळा धूर आणि ठकठक असा आवाज यायला लागला, मामंजी म्हणाले, "मिस्त्रीला बोलाव," तर हे म्हणाले, "त्याला कशाला? तो काय करणार, उघडणार अन् बसवणार. ते मी बी करतो."

उघडण्यात ह्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी सापडायचा नाही हो. उघडलं ते असं उघडलं की संध्याकाळपर्यंत विहिरीवर नुसता पाया राहिला आणि इंजिन घरात राहायला आलं. पिस्टन देवळीत, वाल, म्हणजे हवेच्या झडपा, फडताळात, नट-बोल्ट चटणीच्या वाडग्यात, आणि मी भाकरी थापतेय तर परातीच्या शेजारी दुसऱ्या परातीत दोन दातेरी चाकं, एक धाकटं, एक थोरलं, तेलात माखून बसलेली. आता ह्या दोन चाकांचं तुम्हाला नीट सांगायला पाहिजे, कारण माझी सगळी दिवाळी त्यांनी खाल्ली. ती एकमेकांच्या दातात दात घालून फिरतात. धाकट्याचे दोन फेरे होतात तेव्हा थोरल्याचा एक होतो. मला ह्यात नवल वाटलं नाही, घरोघरी धाकटीचे दोन फेरे आणि थोरलीचा एक असंच असतं. पण कुठला दात कुठल्या दातांत बसतो ह्यावर इंजिनाचा जीव. एक-दोन दात इकडचे तिकडे झाले की डिझेल उडायच्या वेळी वाल उघडा आणि उघडायच्या वेळी बंद... म्हणजे पंगत बसलीय, वाढपी भात घेऊन धावतोय आणि पत्रावळ्या अजून मांडायच्यात, असं. ह्याला म्हणतात टायमिंग.

आणि हे मूर्ख नाहीत, बरं का. चाकं काढायच्या आधी ह्यांनी दोन्हींवर, जिथं दातात दात होता तिथं, लाल खूण केली. कशानं केली? माझ्या नखांच्या रंगानं. लग्नात मावशीनं दिलेली अंगठ्याएवढी बाटली, मी ती एकदाच उघडली, तीही करंगळीपुरती, तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "नखं रंगवून भाकरी थापायची पद्धत कन्नडला असंल." मी बाटली पेटीत ठेवून दिली. ती ह्यांनी काढली आणि इंजिनाला लावली. माझी नखं कोरी, इंजिन नटलेलं. मी गप्प. नवी सून.

आणि मग आली खंडेनवमी.

तुमच्याकडं करतात ना? विळे, खुरपी, कुऱ्हाड, तिफणीचे फण, जे जे वर्षभर राबतं ते धुऊन पुसून मांडायचं, कुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. आत्याबाईंनी सकाळीच मांडणी काढली आणि परातीतल्या चाकांकडं बोट केलं. "अन् हे? वर्षभर पाणी पाजतंय आपल्याला. असं पारोसं पूजायचं व्हय? घासून आण." मी म्हटलं, आत्याबाई, त्याच्यावर लाल... त्या म्हणाल्या, "मग घास ना. काळं निघतंय तर लाल निघंना?"

हे घरात नव्हते, नट आणायला करमाडला गेले होते. मी आधी रॉकेलनं धुतली. मग राख आणि काथ्या घेऊन घासली. मावशीचा रंग निघता निघत नव्हता, चांगला होता हो रंग, करंगळीवर असता तर वर्ष काढलं असतं त्यानं... पण आत्याबाई दारात उभ्या. घासला. आणि घासता घासता मला ते दिसलं. धाकट्या चाकाच्या एका दातावर एक टिंब. ठोकून पाडलेलं, बारीक. थोरल्या चाकावर शेजारशेजारच्या दोन दातांवर दोन टिंबं. अगदी गोंदणासारखी. आमच्या आत्याबाईंच्या हनुवटीवर आहे ना तसं, हिरवं नाही एवढंच. मी मनात म्हटलं, बघा, इंजिनालाही कुणीतरी लहानपणी धरून बसवून गोंदलंय. आणि गोंदण काही उगाच नसतं. ते राहावं म्हणून असतं.

मी चाकं पुसून पाटावर ठेवली. आत्याबाईंनी ओल्या कुंकवाचं बोट घेतलं आणि ह्या चाकावर एक पट्टा, त्या चाकावर एक पट्टा, जिथं हात पडला तिथं, असा ओढला. भक्तिभावानं. तेलकट लोखंड, त्यात ओलं कुंकू, बसलं ते बसलं.

आता तुम्ही हुशार आहात, तुम्हाला कळलं काय झालं असेल. दसरा झाला, हे चाकं घेऊन विहिरीवर गेले, बघितलं तर दोन्हीवर लाल खूण आहेच. लालला लाल भिडवलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "टायमिंग बसलं."

मला कळत होतं, हे लाल ते लाल नव्हे. पण सांगायचं काय? खूण पुसली म्हणून सांगावं तर आत्याबाईंनी पुसायला लावली, असं होतं. म्हणजे नवी सून चार महिन्यांत लेकाजवळ सासूची कागाळी घेऊन गेली. मी पुसली म्हणावं तर नवी सून नवऱ्याचं काम बिघडवते. कुठूनही चाललं तरी वाट माझ्याच पायाखाली येणार. तरी मी एकदा धीर केला. दुपारी वाढताना, मामंजी हात धुवायला उठले तेवढ्यात, हळूच म्हटलं, त्या चाकांवर टिंबं आहेत. ह्यांनी घास तसाच हातात धरून माझ्याकडं बघितलं. "ती ओतकामाची खोट असती. कालवण वाढ." मी कालवण वाढलं. मी गप्प. नवी सून.

आणि ह्यांना एकट्याला गाठून सांगावं म्हणाल, तर गाठू कुठं? इंजिन उघडल्यापासून हे झोपायला विहिरीवर. पाने कुणी चोरून नेईल म्हणून. घरात नवी बायको एकटी, ती कुणी नेणार नाही ह्याची खात्री.

पहिल्यांदा इंजिन लावलं ते सोहळ्यानं. नारळ आणला, उदबत्ती लावली, शेजारच्या वस्तीवरच्या चतुराबाई आल्या, त्यांचा मालक कडूबा आला. हा कडूबा म्हणजे अंगानं पैलवान, बोलायला वकील. चतुराबाई म्हणाल्या, "नव्या सुनेनं नाव घ्यावं, मंग हँडल मारावं." मी घेतलं आपलं पाठ असलेलं,

मोसंबीच्या कलमाला आळं केलं गोल,
रामकिसनरावांचं नाव घेते, त्यांच्या शब्दाला मोल.

झालं, कळलं तुम्हाला नाव. कडूबानं हँडल घातलं, ह्यांनी वालची कळ दाबून धरली, चाक गरगरा फिरलं, ह्यांनी कळ सोडली... आणि इंजिनानं हँडल उलटं फेकलं. कडूबाचं मनगट असं सुजलं की सदऱ्याच्या बाहीत बसेना. तो पैलवान गडी, बांधावर बसून हात कुरवाळत म्हणाला, "रामकिसन, हे इंजिन नाय, खेचर हाय." हे म्हणाले, "नवीन बसवलंय, अंग आखडलंय त्याचं. सुटंल."

नाही सुटलं. रोज हँडल, रोज धूर, रोज फटाक्यासारखा एक आवाज आणि पुढं काही नाही. आणि तिकडं मोसंबी. पावसाळ्यात लावलेली गुडघ्याएवढी कलमं, अख्ख्या घराचा जीव त्यांच्यात, आश्विनाचं ऊन लागायला लागलं आणि पानं अशी मुडपायला लागली. पाणी पाहिजे. विहिरीत पाणी आहे, वर यायला रस्ता नाही. मोट चुलीत गेलेली. मग काय? पोहरा, दोर आणि मी. आत्याबाई आणि मी, खरं तर, त्या पण ओढत होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्यांची कंबर धरली आणि मग उरले मी. ओढायचं, घागर भरायची, एकेका कलमाच्या आळ्यात ओतायची. तळहाताची कातडी आधी फुगली, मग फुटली, मग घट्ट झाली. रात्री भाकरी थापताना पीठ चरचरायचं. हे मान खाली घालून जेवायचे. त्यांनाही दिसत होतं हो. पण मिस्त्रीला बोलवायचं म्हणजे गावात तोंड कसं दाखवायचं? तोवर करमाडच्या बाजारापर्यंत गेलं होतं की पुंजारामच्या, म्हणजे मामंजींच्या, रामकिसननं इंजिन स्वतः बांधलंय.

आणि अशात आला माझा भाऊ. बन्सीदादा. मला न्यायला, मुराळी म्हणून.

पहिली दिवाळी माझी. तुम्हाला बायकांना सांगायला नको ती काय असते. आईनं निरोप पाठवलेला, वसुबारसेच्या आत आण, पाव्हण्यांनाही घेऊन ये, दिवाळसण करायचाय. दादाला दुरून बांधावर बघितलं, पायात धुळीच्या वहाणा, खांद्याला पिशवी, आणि माझ्या हातातला दोरच सुटला, पोहरा गेला विहिरीत. तो जवळ आला, माझे हात बघितले. आमच्या घरात सगळेच गप्प.

आत्याबाईंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "धाडणार ना, न धाडायला काय झालं. पहिला सण हाय लेकीचा. फक्त तेवढं इंजिन लागू द्या, की दोघं बी जातील. अशी कलमं वाळत टाकून कसं जावं, तुम्हीच सांगा." दादा काय सांगणार? म्हणाला, "बरोबर हाय, आत्याबाई." आणि बसला ओसरीवर पिशवी मांडीवर घेऊन. म्हणजे आता बघा, मी माहेरी जायचं ते कशावर ठरलं? आईच्या निरोपावर नाही, सणावर नाही. धाकट्या चाकाचा कुठला दात थोरल्या चाकाच्या कुठल्या दातांत जातो, ह्यावर. आणि तो कुठं जातो हे सबंध वस्तीत मला एकटीला माहीत. मी गप्प. नवी सून.

दुसऱ्या सोहळ्याला दादाही विहिरीवर आला. परत नारळ. परत चतुराबाई, "घे गं नाव." मी घेतलं,

विहिरीच्या काठावर इंजिनाचं घर,
रामकिसनरावांचं नाव घेते, पदर डोक्यावर.

कडूबानं ह्या वेळी डाव्या हातानं हँडल मारलं आणि काय सांगू, इंजिन लागलं. भक भक भक भक, खरंच लागलं. हे उडी मारून उभे, दादानं पिशवी उचलली, माझ्या डोळ्यांसमोर कन्नडचा स्टँड, आईचं दार, उटण्याचा वास... आणि चतुराबाई म्हणतात, "अगं बाई, तुझे मामंजी कुठं गेले?"

मामंजी कुठंच गेले नव्हते. ते जिथं बसले होते तिथंच बसले होते, तंबाखू मळत, इंजिन ज्या डब्यातून हवा आत ओढतं त्या डब्याच्या समोर. पण इंजिन हवा ओढत नव्हतं. त्या डब्यातून धूर बाहेर फेकत होतं. वरच्या नळकांड्यातून जायचा तो काळा धूर सगळा मामंजींच्या अंगावर, धुतलेला फेटा, मिशा, हातावरची तंबाखू, सगळं एका रंगाचं. नुसते डोळे दिसत होते. आणि पाइपातून पाणी? थेंब नाही. नुसती गुडगुड.

"उलटं फिरतंय ते," कडूबा म्हणाला.

"फिरतंय ना पण?" हे म्हणाले.

मामंजींनी शांतपणे तंबाखू झटकली. "रामकिसन, तोंडानं जेवून तोंडानंच... बंद कर ते."

बंद केलं. दादानं पिशवी खाली ठेवली. आणि तेव्हा, ते मघाशी सांगितलं ना मी, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, उखाण्यात दम नव्हता. चतुराबाईंनी री ओढली, "व्हय ना, पदर डोक्यावर, ह्यो काय उखाणा झाला? शाळेतलं गाणं हाय. आमच्या वेळेला नाव घेतलं की म्हसरं पान्हा सोडायची." कडूबा म्हणाला, "माझं मनगट बी पहिल्या उखाण्यातच गेलं." आणि हे, माझे नवरे, ज्यांच्या नावाचा उखाणा, ते पाना पुसत म्हणाले, "टायमिंगचा तर सवालच नाय. लालला लाल भिडवलंय मी."

वसुबारस आली आणि गेली. धनतेरस उजाडली. दादानं सकाळी मला गोठ्याजवळ गाठून म्हटलं, "माई, आज नाय झालं तर मी जातो. आई दार धरून बसली असंल." मी मान हलवली. आणि तो वळल्यावर मला असं झालं की आता मी इथंच, ह्या शेणातच, मोठ्यानं ओरडणार, की अरे तुम्हाला दिसत कसं नाही. पण मला ओरडता येत नाही. सवयच नाही.

दुपारी परत विहिरीवर सगळे. नारळ नव्हता, सुपारीवर भागवलं. चतुराबाई म्हणाल्या, "चल गं, अन् ह्या वेळेला जरा नवा घे. दमदार." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि तुम्हाला सांगते, मला तिथं उभ्या उभ्या कळलं, की अगं, हे सगळे गप्प बसून तुझं ऐकायला थांबलेत. सासू, सासरा, नवरा, शेजार. नव्या सुनेला तोंड उघडायची एकच जागा असते आणि ती हे लोक स्वतःहून देतायत, वर आग्रह करतायत. उखाण्यात काय वाटेल ते बसतं. यमक जुळलं की झालं. मी पदर सारखा केला, खाली बघितलं आणि म्हटलं,

आत्याबाईंच्या हनुवटीला गोंदण शोभतं छान,
थोरल्या चाकाला दोन टिंबं, धाकट्याला एकच लहान,
दोहोंच्या मधी एकाला द्यावं बसायला स्थान,
रामकिसनरावांचं नाव घेते, राखून सगळ्यांचा मान.

कुणी वाहवा केली नाही. चतुराबाई म्हणाल्या, "हे कसलं गं, गोंदणाचं?" आत्याबाईंचा हात आपोआप हनुवटीवर गेला आणि त्या चक्क लाजल्या. मामंजींनी तंबाखू मळायची थांबवली. आणि ह्यांनी हँडल धरलेलं होतं, ते तसंच धरून माझ्याकडं बघितलं. इंजिन उघडल्यापासून पहिल्यांदा, इतका वेळ. कान लाल झाले होते ह्यांचे.

मग मोठ्यानं म्हणाले, "कडूबा, तो पाना दे. एकडाव झाकण उघडून बघावं म्हणतो. सहजच."

सहजच उघडलं. सहजच चिंधीनं कुंकू पुसलं. वाकले, बघितलं, बराच वेळ वाकून राहिले. थोरलं चाक बाहेर काढलं, फिरवलं, परत बसवलं. दोन टिंबांच्या मधे एक टिंब. झाकण लावलं. कडूबानं हँडल मारलं आणि इंजिन असं लागलं, टुक टुक टुक टुक, काही तक्रार नाही, धूर वरच्या नळकांड्यातून सरळ आभाळात, आणि पाइपानं दोनदा खाकरून पाणी जे टाकलं ते पाटात, पाटातून कलमांत. मी पाटात पाय घालून उभी राहिले. फुटलेल्या हातांवर पाणी घेतलं. रडले, पण पाण्यात कुणाला दिसणार.

हे म्हणाले, "ती टिंबं मला पहिल्यापासनं म्हाईत होती. म्हणलं बघू, घरात कुणाच्या ध्यानात येतंय का."

असू दे. माझं काय त्यात अडलं होतं? मला कन्नडला जायचं होतं. मी घरात पळत गेले, पेटी काढली, हिरवं लुगडं घडी घालून ठेवलं, आणि बाहेरून आत्याबाईंचा आवाज, दादाशी बोलत होत्या. लई मायेनं बोलत होत्या, ते सांगायला पाहिजे.

"बन्सीराव, खरं सांगू का? तुमच्या बहिणीच्या जिभेवर देव हाय. तिसऱ्या उखाण्याला इंजिननं ऐकलं. आता हिला धाडली अन् उद्या सकाळी ते परत अडून बसलं, तर त्याच्यापुढं नाव कुणी घ्यायचं? मी घेऊ, ह्या वयात? सण काय, दरसाल येतोय. पर जावयाचा मान काही चुकवू नका तुमी, रामकिसनला घेऊन जा. तुमच्या आईनं एवढी तयारी केली असंल."

मी लुगडं हातात घेऊन उभी. आता ह्यांना तरी माहीत आहे ना, इंजिन कशानं लागलं ते? ह्यांनी म्हणायचं, आई, उखाण्यानं नाही, टिंबांनी लागलं. पण तसं म्हटलं तर ती टिंबं कुणी सांगितली ते आलं, आणि आधी काय भिडवलं होतं ते पण आलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, दादाकडं बघितलं, आणि म्हणाले, "आईचं बी बरोबर हाय."

आणि गेले. तुम्हाला खोटं वाटेल. माझ्या माहेरी, माझ्या दिवाळसणाला, माझ्या भावाबरोबर, माझ्या पेटीतला टॉवेल घेऊन माझा नवरा गेला. दादा वळून वळून बघत होता. मी गप्प. नवी सून.

दिवाळी झाली हो. मी रोज सकाळी विहिरीवर जायचे, मामंजी कळ धरायचे, कडूबा हँडल धरायचा, आणि सगळे थांबायचे. नाव घेतल्याशिवाय हँडल फिरायचं नाही. रोज नवा पाहिजे, शिळा चालत नाही इंजिनाला, असं चतुराबाईंनी ठरवून टाकलं होतं. यमकं संपली. डिझेलला यमक सापडतं का बघा तुम्हीच. भाऊबीजेला संध्याकाळी, भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात तसं मी ओवाळलं, एवढीशी कोर होती, इंजिनाच्या धुरातून दिसत होती. भाऊ असून.

चार दिवसांनी हे आले. अंगावर नवं धोतर, नवी टोपी, हातात आईनं दिलेला अनारशांचा डबा, तोंडावर तेज. आत्याबाईंनी विचारलं, कसा झाला सण? "लई झकास. सासऱ्याच्या विहिरीवर बी इंजिन हाय. जरा ठकठक करीत होतं. म्हणलं, रिकामा बसून काय करू, उघडून दिलं बांधून. टायमिंगसकट." मी चूल फुंकत होते, माझा श्वास तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर बन्सीदादा. परत. डोक्यापासून पायापर्यंत काळा, मामंजी झाले होते तसा. मामंजींनी त्याच्याकडं एकदा बघितलं, उठले आणि पाण्याचा तांब्या स्वतः नेऊन दिला. दादा म्हणाला, "आत्याबाई, माईला धाडा. आमचं इंजिन उलटं फिरतंय." आत्याबाईंनी एकदा लेकाकडं बघितलं, एकदा कलमांकडं, आणि म्हणाल्या, "जा बाई. घराच्या अब्रूचा सवाल हाय."

अशी मी माहेरी आले. फराळाचे डबे रिकामे झालेले, पणत्या धुऊन ठेवलेल्या, उटण्याची वाटी पालथी. आई दारात उभी होती. तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, "बस गं माझी बाई, पण अशी दारातच बस, आत नको येऊ एवढ्यात. वडील विहिरीवर हँडल धरून उभे आहेत. दोन ओळी म्हणून ये, तोवर मी चहा टाकते."